एकीची कंबर, दुसरीची वाटी

टेलरकाकू नवे कपडे शिवत नसत. चाव्या बनवणारा आणि चपला दुरुस्त करणारा यांच्या मधे त्यांचं एका खिडकीचं दुकान होतं, आणि दुकानावर पाटी होती, 'कपडे सैल किंवा घट्ट करून मिळतील'. एवढ्याच कामावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, कारण माणसं काही एका मापाची राहत नाहीत. कोणी आजारातून उठलेलं असतं, कोणी बाळंतपणातून, कोणी बढती मिळून खुर्चीला चिकटलेलं. काकू तोंडात टाचण्या धरून टेप लावत, आकडा मनातल्या मनात वाचत आणि खडूने कापडावर खूण करत. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही, हा त्यांचा नियम. "किती भरली हो कंबर?" असं गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारलंच, तर त्या टाचण्यांकडे बोट दाखवत, म्हणजे आत्ता बोलता येत नाही.

लोकांच्या कंबरेची एवढी अब्रू राखणाऱ्या बाईच्या कंबरेची अब्रू मात्र तिच्याच जावेने घालवली. दिराने नवं घर घेतलं, सगळे जमले होते. काकू खुर्चीत बसायला गेल्या तेव्हा धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, ती नको हं, ती जरा नाजूक आहे. ही घ्या." तिच्या मनात काही असेल-नसेल, पण दीर हसला, मग पोरं हसली, मग उगाच सगळेच हसले. काकूही हसल्या. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून रडल्या. आता त्याच दिराच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. काकूंनी फार वर्षांपूर्वी हौसेने स्वतःसाठी शिवलेला हिरवा ड्रेस कपाटातून काढला आणि त्याची चेन काही वर जाईना. हाच ड्रेस घालून त्याच लोकांसमोरून ताठ मानेने जायचं, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

बारीक होण्याचे उपाय टेलरच्या दुकानात फुकट मिळतात. बँकेत नोकरी करणारी एक बाई त्याच आठवड्यात तीन पँटी घट्ट करायला घेऊन आली. चांगली उतरली होती.

"काय केलंत काय?" काकूंनी टाचण्या काढून विचारलं.

"दुधाचं सगळं बंद. दूध, दही, चीज, लोणी, घरात आणायचंच नाही. आणलं की तोंडात जातंच."

झालं. काकूंच्या डोक्यात ते वाक्य जे शिरलं ते बाहेर पडेना. घरात आणायचंच नाही.

आता घरात होतं कोण? नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस उगवायचा. मुलगी लग्न होऊन गेलेली. राहिल्या काकू आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई चणीने लहान, बोलायला कमी आणि दातांनी त्याहून कमी. कवळीचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. सकाळी दुधात भिजवलेला पाव, दुपारी भाजीचं पातळ काहीतरी, आणि संध्याकाळी वाटीभर दही. कड उडालेली एक पांढरी चिनीमातीची वाटी होती, ती त्यांचीच. खिडकीशी बसून, लहान चमच्याने, रस्त्यावरची माणसं बघत त्या दही खायच्या. दिवसभरात त्यांनी स्वतःसाठी असं काही केलं तर ते एवढंच.

"आई, उद्यापासून दूध-दही बंद करतेय," काकू म्हणाल्या. "घरात असलं की माझा हात जातो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठी वेगळं आणू का?" हे काकूंनी विचारलं खरं, पण ज्या सुरात विचारलं त्याला हो म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती.

"माझ्या एकटीसाठी कशाला? नको."

काकूंनाही तेच उत्तर हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई काळ्या चहात पाव बुडवू लागल्या. पांढरी वाटी चार दिवस फळीवर पालथी पडून राहिली. मग काकूंनी ती दुकानात नेऊन तिच्यात बटणं ठेवली. रिकामी भांडी त्यांना बघवत नसत.

एक सांगायला हवं. काकूंना कोणी सावध केलंच नाही, असं नाही. घरच्या आजींना ओळखणारी हॉस्पिटलातली एक नर्स कोट सैल करून घ्यायला आली होती. काकू तोऱ्यात तिला आपला नेम सांगू लागल्या, तसं ती म्हणाली, "दुधाने कोणी जाड होत नाही काकू, आणि दूध सोडून कोणी बारीकही होत नाही. दिवसभरात एकूण पोटात काय जातं ते बघा. दूध कमी साखरेचं, बेताने घेतलंत तर उलट पोट भरलेलं राहील." आणि निघता निघता वळून म्हणाली, "आजींचं मात्र बंद नाही ना केलंत? दात नाहीत त्यांना. दुसरं काय खाणार त्या?"

"छे हो," काकू म्हणाल्या. "त्यांना देते की मी."

तोंडात टाचण्या नव्हत्या. खोटं अगदी स्वच्छ, सहज बाहेर पडलं. नर्स "छान" म्हणाली आणि गेली, आणि काकूंनी मशीन जोरात चालवलं. संध्याकाळी घरी जाताना डेअरीच्या दुकानावरून जावं लागे. त्या दिवशी त्यांनी रस्ता बदलला.

आणि एकूण पोटात काय जात होतं? ते सांगायला गेलं तर हसू येईल, पण काकूंना ते तेव्हा दिसत नव्हतं. दुधाचा चहा कडू लागत नाही, काळा लागतो, म्हणून एकाच्या जागी साखरेचे तीन चमचे पडू लागले. चाव्यावाला रोज तळलेले शेंगदाणे आणायचा. पूर्वी काकू चार दाणे उचलायच्या, आता मूठ भरायच्या. "दूध नाही ना यात?" असं विचारून. बटाट्याच्या कुरकुरीत चकत्या, साखर भुरभुरलेली बिस्किटं, सगळ्याला तोच प्रश्न. दूध नाही म्हटलं की सगळं माफ. चाव्यावाला एकदा म्हणाला, "काकू, पाकिटातही दूध नाही, तेही खा." त्या त्याच्यावर रागावल्या नाहीत, कारण त्यांना तो विनोद कळलाच नाही.

दर शनिवारी घरी त्या कंबर मोजत. आणि इथे काकूंनी जे केलं ते फक्त टेलरच करू शकतो. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांबतो. लांबलेला टेप माप कमी दाखवतो. एका गिऱ्हाइकाची पँट ढगळ झाली तेव्हा काकूंनी असा एक टेप दुकानातून बाद करून घरच्या शिवणाच्या डब्यात टाकला होता. दुकानातला टेप पर्समध्ये असायचा, हाताशी. पण शनिवारी हात जायचा तो डब्याकडे. आपण असं का करतो, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. त्यातही टेप जरा आवळून धरायचा, श्वास आत ओढायचा. आकडा खाली यायचा.

आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "किती उतरलं गं?"

"उतरलं, उतरलं."

पुढच्या शनिवारी पुन्हा, "उतरलं का गं?" त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. काकूंना वाटू लागलं, म्हातारी खिजवतेय. जावेची सासू ती, तिच्याच बाजूची असणार. एकदा त्या फाडकन बोलल्या, "तुम्हाला काय करायचंय, आई? माझी कंबर मोजत बसण्यापलीकडे उद्योग नाही का दुसरा?"

सासूबाईंनी त्यानंतर ब्र काढला नाही. काकूंना जरा हायसंच वाटलं.

लग्न पंधरवड्यावर आलं तेव्हा बँकेतली बाई पुन्हा दुकानात उभी. त्याच तीन पँटी. "सैल करा," ती ओशाळून म्हणाली. "दुधाचं काही नव्हतं हो ते. मी तेव्हा रात्रीचं जेवणच सोडलं होतं. परत जेवायला लागले आणि हे बघा." काकूंनी तिच्या कंबरेला टेप लावला आणि नियमाप्रमाणे आकडा गिळला. पण त्या दिवशी खूण चुकली, पुसून दुसरी करावी लागली.

घरी गेल्या तर सासूबाई निळा झगा घेऊन बसल्या होत्या. नातीच्या लग्नात घालायचा, काकूंनीच कधीतरी त्यांच्या मापाचा करून दिलेला.

"जरा बघ गं हा. खांद्यावरून उतरतोय."

"घाला बघू," काकू म्हणाल्या आणि डब्यातला टेप काढला.

झगा अंगावर नव्हताच जणू, खुंटीवर टांगलेला होता. काकूंनी छातीला टेप लावला. सासूबाईंचं माप त्यांना पाठ होतं, टेलर घरातली मापं विसरत नाही. आकडा इतका कमी आला की काकूंच्या मनात पटकन आलं, हा टेप खोटा आहे. आणि ते मनात आल्याबरोबर त्या जागच्या जागी गार झाल्या. म्हणजे माहीत होतं. इतके शनिवार माहीत होतं.

पर्समधला टेप काढून त्यांनी पुन्हा मोजलं. फरक फारसा पडला नाही. छाती, दंड, कंबर, सगळीकडे बाई आटली होती. मनगटाची हाडं दिसत होती. रोज समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाकडे काकूंनी कितीतरी दिवसांत नीट बघितलंच नव्हतं. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि तोच टेप, श्वास न ओढता, स्वतःच्या कंबरेला लावला. उतरलं तर नव्हतंच. दीड इंच वाढलं होतं. घरात दूध बंद करून वजन उतरलं होतं ते एका दात नसलेल्या म्हातारीचं.

बाहेर येताना त्यांचा चेहरा कानापर्यंत तापला होता.

"किती भरलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

काकूंना टाचण्यांकडे बोट दाखवता आलं नाही. "आई, तुम्ही बोलला का नाहीत? एकदा तरी म्हणायचं, मला दही पाहिजे म्हणून."

"अगं, विचारत नव्हते का दर शनिवारी?" सासूबाई साधेपणाने म्हणाल्या. "तुझं उतरलं की दही सुरू होईल असं वाटायचं मला. तू उतरलं म्हणायचीस, मग मी वाट बघायचे. मग तू चिडलीस. मला वाटलं, बरंच राहिलं असेल अजून."

काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या चपला घालून बाहेर पडल्या. आधी दुकानात गेल्या, कुलूप उघडलं आणि पांढऱ्या वाटीतली बटणं तशीच मशीनवर ओतली. दोन-चार खाली घरंगळली, ती उचलली नाहीत. मग डेअरीत गेल्या. दुकानदार म्हणाला, "काय काकू, गावाला होता का?" काकू म्हणाल्या, "नाही. इथेच होते." आणि मान खाली घालून दूध-दही घेतलं. त्या नर्सला काय तोंड दाखवायचं, हे त्यांना चालताना सुचत नव्हतं. तिने आणखी एक कोट टाकला होता, तो न्यायला ती परवा यायची होती. तिला खरं सांगायचं, एवढं मात्र त्यांनी रस्त्यातच नक्की केलं.

घरी वाटी दोनदा घासून, दही घालून त्यांनी खिडकीशी आणून ठेवली. सासूबाई वाटीकडे बघत राहिल्या. चमचा उचलेनात.

"झालं का तुझं?"

"नाही, आई. काही नाही उतरलं. उलट वाढलंय. मी खोटं सांगत होते तुम्हाला."

"मग कशाला आणलंस?" सासूबाईंनी वाटी हलकेच काकूंकडे सरकवली. "तुझा हात जाईल. लग्नाला पंधरा दिवस तर राहिलेत. राहते की मी तोवर."

त्या टोमणा मारत नव्हत्या, हेच काकूंना सोसेना. जावेच्या घरी सगळे हसले होते तेव्हा वाटलेली लाज यापुढे काहीच नव्हती.

"खा तुम्ही," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझा ड्रेस मी सैल करीन. दिवसभर दुसरं काय करते मी?"

सासूबाईंनी खायला सुरुवात केली. लहान चमच्याने, रस्त्यावरची माणसं बघत. काकू समोर बसून निळ्या झग्याची शिवण उसवत होत्या, आणि मधून मधून बघत होत्या. वाटी अर्धी झाली तशी सासूबाई थांबल्या. उठून फळीवरची बशी आणली आणि उरलेल्या दह्यावर झाकली.

"संपवा की, आई."

"उद्याला होईल."

"उद्या आणणार आहे मी. परवाही आणणार आहे. रोज आणणार."

"हो हो, आणशील ना," सासूबाई समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, आणि झाकलेली वाटी उचलून फळीवर अगदी मागे, भिंतीला लावून ठेवली.