समुद्रात पडलेलं रहिमतपूर

ज्याला पत्ता सांगायची लोकांना धास्ती वाटायची असा रहिमतपुरात एकच माणूस, आणि तो नेमका माझा बालमित्र. गादीवाल्या चाचांचा थोरला मुलगा. लग्नाची पत्रिका हातात पडली की नवरा-नवरीची नावं सोडून हा आधी ठिकाण वाचणार. एकदा पत्रिकेवर ‘एसटी स्टँडजवळ’ असं छापलेलं होतं. यानं नवऱ्या मुलाच्या मामाला भर चौकात गाठलं. ‘‘जवळ म्हंजे किती? आन् कुठल्या बाजूला?’’ मामा बिचारे पत्रिका वाटून दमलेले. म्हणाले, ‘‘बँड लावलाय की रं, ऐकू येईल.’’ त्यावर हा गंभीरपणे म्हणाला, ‘‘म्हंजे अर्ध्या किलोमीटरची चूक धरायला पायजे.’’ पुढच्या लग्नाची पत्रिका मामांनी त्याच्या घरी दुसऱ्याच माणसाच्या हाती पाठवली.

खरं तर यात वेडेपणा कमी आणि पेशा जास्त होता. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करून तो सांगलीच्या एका कॉलेजात कंत्राटावर शिकवायचा आणि तिथल्या कपाटातल्या वाळवलेल्या झाडांच्या मागे लागायचा. कागदावर चिकटवलेली जुनी फांदी आणि खाली कुणीतरी लिहिलेली चिठ्ठी: ‘वाईच्या वर, ओढ्याकाठी’. ती फांदी नेमकी कुठे तोडली असेल हे शोधून संगणकाच्या नकाशावर ठिपका द्यायचा; म्हणजे पूर्वी कुठे काय उगवत होतं आणि आता काय उरलं, हे जगात कुणालाही पाहता येतं. या विद्येला म्हणे जैवविविधता माहितीशास्त्र म्हणतात. हे नाव मी त्याच्याकडून इतक्या वेळा वदवून घेतलं की शेवटी तोच कंटाळला. त्यातला एक नियम मात्र त्यानं रक्तात भिनवून घेतला होता. चिठ्ठीवरचं मूळ वाक्य खोडायचं नाही, आपला अंदाज शेजारच्या रकान्यात लिहायचा. चाची कौतुकानं म्हणायच्या, ‘‘लहानपणी लय शांत व्हता.’’ हा खोडायचा नाही. ‘‘शेजारी लिव्हा अम्मी, शेजाऱ्यांचं मत निराळं हाय.’’

त्या वाईच्या ओढ्यासाठी एका रविवारी त्यानं मलाही गाडीवर घालून नेलं. वाईच्या वर ओढे काय थोडे आहेत? दिवसभर दगडधोंडे तुडवले. एका ओढ्यावर कपडे धुणाऱ्या मावशींनी विचारलं, ‘‘काय हरवलं वं?’’

‘‘झाड, मावशी. हितं एक झाड व्हतं.’’

‘‘कवा?’’

‘‘तुमच्या जन्माच्या आदी.’’

‘‘मग आता कुठलं गावतंय?’’

‘‘न्हाई गावलं तरी चालंल. पर ते न्हाई, हे तरी खात्रीनं लिवाय पायजे.’’

मावशींनी धुणं थांबवलं. मलाही त्या क्षणी हसू आलं नाही.

पुढे उत्तरेकडच्या एका थंड देशातली पोस्टडॉकची जाहिरात आली. दोन वर्षांचं संशोधन आणि ही नकाशाची विद्या पद्धतशीर शिकवणारं प्रशिक्षण. पीएच.डी.नंतर ठरावीक वर्षांतच अर्ज करता येतो, आणि याची ती शेवटची संधी होती. हुकली तर कंत्राट संपल्यावर गादीच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं. चाचांना काही पटेना. ‘‘तिकडं जाऊन हितलीच झाडं बघणार, तर हितंच बस की रं!’’ तो म्हणाला, ‘‘अब्बा, झाडं हितं हायत. ती हुडकायची विद्या तिकडं शिकवत्यात.’’

अर्जाची शेवटची तारीख नेमकी ईदच्या दिवशी आली. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला संगणक, दारात गळाभेटीला येणारी माणसं, चाचींनी पाठवलेला शीरखुर्मा. या गडबडीत गड्यानं नमुन्याचा नकाशा जोडला, अर्ज पाठवला आणि मला कौतुकानं दाखवायला तो नकाशा उघडला. सातारा जिल्ह्यात एक ठिपका नाही! अक्षांशाच्या जागी रेखांश पडले होते आणि रहिमतपूर, वाई, सगळा मुलूख पार उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन बसला होता. उभ्या गावाच्या पत्त्यांत चुका काढणाऱ्या माणसानं स्वतःचं गाव बुडवलं. एरवी मी वर्षभर चिडवलं असतं, पण त्याचा चेहरा बघून मी तो नकाशाच बंद केला. त्यानं खुर्म्याला हात लावला नाही.

तरीही मुलाखतीला बोलावलं. तीही माझ्याच दुकानात, पडद्यावर. पलीकडच्या बाईंनी तोच नकाशा पुढे केला आणि भुवया उंचावल्या. त्यानं इंग्रजीत जे सांगितलं त्याचा मला कळला तो अर्थ असा: चूक माझीच आहे, पण चिठ्ठीवरचं मूळ गाव मी खोडलेलं नाही, ते शेजारी तसंच आहे, म्हणून यातलं एकही झाड हरवलेलं नाही. बाईंनी नकाशा पुन्हा एकदा नीट पाहिला. मग हसल्या.

निवड झाली आणि तो तिकडं गेला. गावात आता कुणीही कुठलाही पत्ता बिनधास्त सांगतं, आणि मला ते मुळीच आवडत नाही. रविवारी दुपारी चाचींना फोन मीच लावून देतो. परवा त्यानं कॅमेरा फिरवून करडं पाणी दाखवलं. ‘‘अम्मी, ईदला आपलं गाव पडलं व्हतं न्हवं, ते ह्याच पाण्याच्या पल्याड.’’

चाचींनी चष्मा पुसून पडद्यात पाहिलं. ‘‘मग घराजवळच हायस की.’’

आता हा ‘जवळ म्हंजे किती’ विचारणार म्हणून मी थांबलो. त्यानं विचारलं नाही. ‘‘व्हय अम्मी,’’ म्हणाला, आणि बराच वेळ ते पाणीच दाखवत राहिला.