दारात थांबलेला सरदार

कामठ्याचा मनीराम रहांगडाले पावसाळाभर धान पिकवायचा आणि दिवाळी सरली की लोकांचं रक्त प्यायचा. रक्त म्हणजे जास्वंदीचा रंग घातलेला गुळाचा पाक. पण तो हनुवटीवरून ओघळायला लागला की पुढच्या रांगेतल्या बाया पोरांचे डोळे झाकत आणि स्वतः मात्र बोटांच्या फटीतून बघत.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटक कंपनीचे मालक केशोराव यांनी कुठून तरी विलायती पिशाचाची गोष्ट पैदा केली होती. दिवसा शवपेटीत झोपणारा, उन्हाला भिणारा, काळा झगा घालणारा सरदार. आमच्या लोकांना शवपेटी काही पटेना, म्हणून केशोरावांनी त्याला धानाच्या कोठीत झोपवला. सुळे पाण्याच्या पांढऱ्या पाइपातून कापले. आणि सरदाराचं काम दिलं मनीरामला, कारण तो उंच होता आणि त्याच्याकडे बघून कुत्री भुंकत.

पहिल्या वर्षी लोक हसले. सरदार ओरडत यायचा, धूर निघायचा, कोठीचं झाकण पडायचं. पिशाच कसलं, बहुरूपी वाटायचा. पण त्या गोष्टीत एक नियम होता: घरातल्या कोणी 'या' म्हटल्याशिवाय पिशाचाला उंबरा ओलांडता येत नाही. पुढे मनीरामनं सगळा आरडाओरडा टाकून दिला आणि तेवढा नियम धरला. दारापाशी यायचं आणि उभं राहायचं, बस. हातात पिशवी, मान किंचित खाली. कोणी बोलवेल का, एवढाच प्रश्न चेहऱ्यावर. सगळा मांडव चिडीचूप व्हायचा. एकदा गोरेगावकडच्या एका म्हातारीनं न राहवून खालूनच हाक दिली होती, "ये गा बाबू, ये आत!" पिशाचाला! तेव्हापासून मनीरामचं नाव पुसलं गेलं आणि 'सरदार' तेवढं राहिलं.

त्याच्या या कामाचं सगळ्यात जास्त वेड होतं धनेंद्रला. धनेंद्र हा मनीरामच्या बहिणीचा मुलगा. नाटकात राजाचा शिपाई, कधी प्रेत, कधी नुसताच दिवे धरणारा. त्यानं एका दुपारी धानाच्या बांधावर बसून विचारलं, "मामाजी, तुमी दारात उभे राहता तवा मनात काय असते?"

आमच्याकडे मामा भाच्याला नाही म्हणत नाही. भाचा देवाघरचा. तो दारात आला की म्हातारा मामासुद्धा वाकून त्याच्या पाया पडतो, मग तो भाचा शेंबडा का असेना. त्यानं मागितलं की द्यायचं. मनीरामनं आजवर त्याला बैलगाडी दिली होती, घड्याळ दिलं होतं, नवं जाकीट दिलं होतं. त्या दुपारी त्यानं पोटातली गोष्ट दिली. चमेलीला, म्हणजे लग्नाच्या बायकोलाही न सांगितलेली.

गोष्ट त्याच्या लेकीची, रिंकीची. रिंकीनं गोरेगावच्या परजातीतल्या मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं. मनीराम तेव्हा नको ते बोलला. व्याही लीलाधर त्याच्याहून नको ते बोलला. मग रिंकीला मुलगा झाल्याचं कळलं आणि मनीरामचा राग पार विरघळला. नवे तांदूळ आणि डिंकाचे लाडू पिशवीत भरले. तोंड बांधायला काही सापडेना, म्हणून रिंकीच्या शाळेतली हिरवी रिबीन खुंटीवरून काढली. चमेलीला म्हणाला, गोरेगावला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवून देतो. आणि स्वतःच एसटीत बसला.

लीलाधर अंगणातच होता. त्यानं मनीरामकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि आत निघून गेला. या नाही, बसा नाही, पाणी नाही. आतून रिंकीचा आवाज येत होता, ती बाळाशी बोबडं बोलत होती. मनीराम उंबऱ्याबाहेर उभा. न बोलावता कसा जाणार? बापानं लेकीला हाक मारायची, तर ती बिचारी सासऱ्याच्या आणि बापाच्या कात्रीत सापडणार. बऱ्याच वेळानं लीलाधर बाहेर डोकावला आणि म्हणाला, "अजून उभेच?"

"बस चुकली," मनीराम म्हणाला. "म्हणून थांबलो."

मग पिशवी पायरीवर ठेवून तो परत आला. पुढे काळ गेला, लीलाधर नरमला, रिंकीचं माहेरी येणं-जाणं सुरू झालं. एकदा तिनं विचारलंही, "मायनं लाडू धाडले, पण तुमी काऊन नाही आले बाबूजी? एवढा राग होता?" मनीराम म्हणाला, "होता." लेकीला बाप खडूस वाटला तरी चालेल, पण सासऱ्याचं वागणं तिला कळू नये. तिला त्याच घरात नांदायचं होतं. एवढंच त्याला सांभाळायचं होतं आणि ते त्यानं सांभाळलं.

हे सगळं ऐकून धनेंद्र रडला. खरं रडला, त्यात खोट नव्हती. मग तो मुंबईला गेला आणि टीव्हीसाठी लिहायला लागला.

मागच्या श्रावणात त्याचा फोन आला. "मामाजी, टीव्ही लावा. माझं कार्टून येऊन राहिलं. पिशाचाचं आहे, तुमच्यासाठी सरप्राइज आहे." मनीरामनं अर्धी आळी घरात गोळा केली. चमेलीनं सगळ्यांना चहा केला. पडद्यावर एक बुटका, ढेरपोट्या पिशाच आला. विलायती भुताच्या सगळ्या खोड्यांची टर उडवलेली: लसूण बघून शिंकतो, आरशात दिसत नाही म्हणून भांग वाकडा पाडतो, वटवाघूळ व्हायला जातो आणि पंख्याला अडकतो. मनीराम पोट धरून हसला. धंद्यातला माणूस होता, चांगली टर त्याला कळत होती.

मग त्या पिशाचाला नातू झाला.

तो लेकीच्या दारात गेला. हातात पिशवी, पिशवीला हिरवी रिबीन. कोणी 'या' म्हणेना. तो खोकला, त्यानं पायरी पुसली, कुत्र्याला नमस्कार केला. डोक्यावर कावळ्यानं घरटं बांधलं. सासरा खिडकीतून म्हणाला, "अभी तक खड़े हो?" आणि पिशाच दात विचकून म्हणाला, "बस छूट गई थी, इसलिए रुका हूँ!" मागून माणसांच्या हसण्याचा लोंढा आला. शेवटी त्यानं पिशवी सोडून लाडू स्वतःच खाल्ले आणि ऊन पडल्यावर त्याची राख झाली.

आळी हसून लोळत होती. चमेली हसत नव्हती. ती रिबिनीकडे बघत होती. मनीरामला वाटलं, आपले कपडे कोणीतरी भर बाजारात फेडले आणि फेडणाऱ्याच्या आपण दरवर्षी पाया पडत आलो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं कापला असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिंकीचा फोन आला. आवाज थंड होता.

"बाबूजी, ते पिशवी तुमीच आणली होती?"

मनीरामला खोटं सुचेना. इतकी वर्षं रंगमंचावर काढलेला माणूस, पण ऐन वेळी वाक्यच आठवेना.

"तुमी बाहेर उभे होते आन् मी आत होती," ती म्हणाली. "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले तरास होईल म्हणून, बेटा."

"आन् धनेंद्रले सांगतलं. त्याले सांगतलं, मले नाही. साऱ्या दुनियेनं पाह्यलं, तवा मले समजलं. मामंजीच्या हाताखाली मी रोज राबून राहिली बाबूजी, मले कोणी माणूस समजते का नाही?"

फोन ठेवला गेला. यात तिचं काय चुकलं, सांगा. बापानं तिच्यासाठीच तोंड बंद ठेवलं होतं, आणि उघडलं ते नेमकं भलत्या ठिकाणी. भाच्यानं मामाला विकलं, आणि लेकीला वाटलं की बापानं आपल्याला परकं केलं. दोन्ही खरं होतं, आणि एकाचाही इलाज मनीरामकडे नव्हता. दिवाळी आली. भाऊबीजेला रिंकीचा धाकटा भाऊ वाट बघत बसला, ती आली नाही. चमेली फोन करायची, तो नातू उचलायचा आणि म्हणायचा, माय कामात आहे.

मंडईच्या दिवसांत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. सरदार दारात येऊन उभा राहिला आणि मांडवातून पोरांनी कोरस धरला, "बस छूट गई क्या?" सगळे हसले. त्या रात्रीनंतर मनीरामनं झगा घडी करून केशोरावांना परत दिला. केशोराव म्हणाले, "आता विनोदी करू ना सरदाराले, चालेल बघ." मनीराम घरी आला.

आणि धनेंद्र आला. गोंदियात कोणीतरी त्याचा सत्कार ठेवला होता. भर दुपारी गाडीतून उतरला, मामीसाठी साडी, मामासाठी शाल. अंगणात उभा राहिला. चमेली आतून बाहेर आलीच नाही. मनीराम उठला, गेला, वाकला आणि भाच्याच्या पाया पडला. रीत ती रीत. पण कपाळ बुटाला लागलं तेव्हा त्याला वाटलं की उठूच नये.

"मामाजी, नाराज आहात का?" धनेंद्र खाटेवर बसत म्हणाला. "मी तं तुमची कला देशभर नेली. सगळ्यात हिट भाग तोच झाला."

"नाव तं नाही घेतलं कोणाचं," मनीराम म्हणाला. "पण रिबीन कायले ठेवली बेटा? रिबीन तरी बदलवून टाकायची होती."

"तोच तं जीव होता त्यातला!" धनेंद्र मनापासून म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि मनीरामला तेच जास्त लागलं. मग खुर्ची ओढावी तशी खाट पुढे ओढून त्यानं आवाज खाली केला. "आता दुसरा भाग लिहून राहिलो. त्यात पोरीले समजते, का बाप दारात आला होता. आई सांगत होती, रिंकीताई बोलत नाही तुमच्याशी. काय म्हणाली ती, मामाजी? नेमकं काय म्हणाली?"

मनीरामनं त्याच्याकडे पाहिलं. धनेंद्रची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. ती त्याच्या हातांवर होती. तालमीत मनीरामनंच त्याला शिकवलं होतं: दुःखातल्या माणसाचं तोंड खोटं बोलतं, हात खोटं बोलत नाहीत, नक्कल करायची तर हात बघ. आणि मनीरामचे हात थरथरत होते.

भाच्यानं मागितलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"रिंकी?" मनीराम म्हणाला. "ते तं हसली. फोनवर लय हसली."

"नुसती हसली?" धनेंद्रचा चेहरा पडला.

"हो," मनीराम म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.