आकारामचा उकिरडा आणि पत्र्याचा बोर्ड

चि. आकाराम,

तुझा बोर्ड अजून माझ्याकडेच पडलाय. सध्या तो पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. झाकण म्हणून उत्तम आहे, पण त्यासाठी मी सांगलीच्या पेंटरशी भांडले नव्हते. तू दर बाजाराला येतोस, पिंपाकडे बघतोस, चहा पितोस आणि निघून जातोस. परवा तर त्याच्यावरच टोपी ठेवलीस. अरे, विचार तरी एकदा तोंड उघडून. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. आष्ट्यातल्या आष्ट्यात पत्र टाकणारी म्हातारी म्हणून पोस्टमन हसेल. हसू दे.

शिवाय आकाराम खोताची हवालदारकी कोंबडीनं खाल्ली, असं जे गावभर सांगतात ते अर्धवट आहे. कोंबडी होती, कबूल. पण चुना होता, खेकडे होते, आणि सगळ्यात आधी तुझा मूर्खपणा होता. एकदा सगळं नीट, गोष्टीसारखं लिहून काढते. चुकलं तर येऊन सांग, आणि येताना चष्मा आण.

शरयूबाई

*

आकाराम खोत पलटणीत नाईक होता. दंडावर दोन फिती. तिसरी मिळाली की हवालदार, नाही मिळाली तर वर्षं भरताच पेन्शनीवर घरी. चौऱ्याहत्तर साली त्याची तुकडी अंदमानच्याही खाली, निकोबारच्या बाजूच्या एका बेटावर गेली. फीत मिळायची वाट बघत बसण्याची भानगड त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं ठेवलीच नाही. नळावर तिनं स्वतःला हवालदारीण म्हणवून घ्यायला सुरुवातही करून टाकली. तिला लिहिता येत नव्हतं. तिची पत्रं शरयूबाई लिहायच्या. त्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शास्त्राच्या बाई. रंगूबाईचा मजकूर संपला की कागदाच्या उरलेल्या जागेत स्वतःचं काहीतरी खरडल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

बेटावर समुद्र होता, माड होते, पाऊस होता आणि डब्यातले वाटाणे होते. वाटाणे इतके होते की डबा उघडल्याचा आवाज आला तरी जवानांना मळमळायचं. तुकडीचे सुभेदार सयाजीराव माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. त्यांचं अर्धं आयुष्य पावसाची वाट बघण्यात गेलेलं, आणि इथं तो थांबायची वाट बघत बसलेले. वैतागून त्यांनी एक दिवस आकारामला बोलावलं आणि सांगितलं, तू ऊसवाला हायस, भाजीचा मळा लाव, मिरची पिकव, नाहीतर ही पोरं एकमेकांना खातील.

आता मळा लावायचा कशात? जमीन म्हणजे नुसती पांढरी वाळू. पहिली मिरचीची रोपं उभ्या उभ्या वाळली. आकाराम खताच्या शोधात किनाऱ्यामागच्या झाडीत शिरला, तर तिथं एक ढीग. पुरुषभर उंच, कुजलेला पाला, माती, वाळू. आकारामनं हात कोपरापर्यंत आत घातला. आत गरम. आष्ट्याकडच्या कुठल्याही माणसाला याचा एकच अर्थ कळतो, तोच त्याला कळला. कुणाचा तरी मुरलेला उकिरडा.

दुसऱ्याच्या उकिरड्यातलं खत न विचारता नेणं म्हणजे चोरी, हे संस्कार घट्ट. म्हणून त्यानं प्रामाणिकपणे मालकाचा शोध घेतला. मालक कुणी सापडेना. झाडीत असे आणखी पाच-सहा ढीग होते, त्यांनाही वारस नव्हता. मग त्यानं बुट्ट्या भरभरून खत मळ्यात ओढलं. मिरची अशी तरारली की सयाजीराव रोपांशी बोलायला लागले. ढिगातून मधूनमधून मोठाली अंडीही निघायची, कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीनं. आष्ट्यात कोंबड्या उकिरड्यात अंडी घालतातच, त्यात नवल काय? अंड्यांत मिरची चिरून घालून तुकडीनं पोटभर खाल्लं. त्याच आठवड्यात सयाजीरावांनी सांगून टाकलं की बडे साहेब तपासणीला येणार आहेत. मळा हिरवागार दिसला आणि छावणीच्या वाटा पांढऱ्याशुभ्र दिसल्या, तर आकारामचं नाव हवालदारीसाठी वर जाईल. रंगूबाईला हे कळलं तेव्हा तिनं नळावरचा नंबरही पुढं घेतला.

वाटा पांढऱ्या करायच्या म्हणजे कडेच्या दगडांना चुना लावायचा. चुना संपला होता. तंबाखूच्या डब्यांतलाही संपला होता, आणि सातारा-सांगलीच्या माणसाचं चुन्यावाचून काय होतं ते इथं लिहीत नाही. पण समुद्रात किनाऱ्याला धरून लांबपर्यंत पोवळ्याच्या खडकाची रांग होती, भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी. खडक फोडून भाजला की झकास चुना होतो, हे कुणीतरी शोधून काढलं. भट्टी लागली. मळ्याबरोबर भट्टीही आकारामच्याच गळ्यात पडली. पहिल्या घाण्याच्या चुन्यानं सगळ्यांनी तंबाखू मळली आणि बेटावर प्रथमच शांतता नांदली.

मग एका सकाळी तो मिरचीला पाणी घालत होता, तेव्हा वाफा हलला. माती फुटली आणि आतून एक पिल्लू वर आलं. ओलं नाही, डोळे मिटलेलं नाही. चांगलं पिसं फुटलेलं, रागावलेलं पिल्लू. त्यानं आकारामकडे एकदा पाहिलं, अंग झाडलं आणि सरळ उडून झाडीत गेलं.

आकाराम हातात झारी घेऊन तसाच उभा. मग झाडीत गेला आणि अर्ध्या उचललेल्या ढिगाशी गुपचूप बसून राहिला. दोन तपकिरी पाखरं आली, कोंबडीएवढी. पाठमोरी उभी राहून पायांनी पाला मागं फेकायला लागली, ढिगावर, पुन्हा पुन्हा. कोंबडी उकिरडा उकरते हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. उकिरडा रचणारी कोंबडी आजच बघितली. ती अंड्यांवर बसतच नव्हती. अंडी पुरायची, आणि कुजत्या पाल्याची ऊब पिल्लं काढणार. म्हणजे त्यानं खत आणलं नव्हतं. दुसऱ्याचं बाळंतघर बुट्टीत भरून आणलं होतं, आणि वर त्यातलं बाळंतपण मिरची घालून खाल्लं होतं.

त्या दिवसापासून त्यानं ढिगांना हात लावणं बंद केलं. मळा हळूहळू पिवळा पडायला लागला. सयाजीरावांना त्यानं कीड पडली असं सांगितलं.

त्याच सुमाराला रंगूबाईचं पत्र आलं. फीत कवा मिळणार, चुलतभाऊ लालासाहेब बांध कोरतोय, नांगराचं एक तास, एक चर, दर साली आपल्या हद्दीत घालतोय, तुमी हवालदार होऊन या म्हंजे त्याचं तोंड बघायला मिळंल. खाली शरयूबाईंची पुस्ती होती. आकारामनं भट्टीबद्दल कौतुकानं कळवलं होतं, त्यावर त्यांनी झाडलं होतं की पोवळं म्हणजे दगड नव्हे, बारक्या जीवांची वसाहत आहे, वर्षाला नखाएवढी वाढते. तू कुणाला भाजतोयस ते तुझं तुलाच कळायला हवं.

आकारामनं ते जेवताना वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. म्हातारीला दगडात जीव दिसतोय म्हणाले.

जीवाचं आकारामलाही पटलं नव्हतं. पटलं ते दुसरंच. मोठी भरती आली तेव्हा त्यानं पाहिलं, जिथं जिथं त्यांनी खडक फोडला होता, तिथून लाटा सरळ आत घुसत होत्या. एरवी त्या बाहेरच फुटायच्या. खिंडाराच्या समोरचा किनारा कापला गेला होता, आणि सगळ्यात मोठा उकिरडा, ज्याला त्यानं अजून हातही लावला नव्हता, त्याच्या पायथ्याशी पाणी खेळत होतं. दोन्ही पाखरं शेजारी उभी होती. ढीग उचलून दुसरीकडे न्यायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

वाळवा तालुक्यात बांध कोरणारा कसा ओळखायचा हे पोरांना अक्षरओळखीच्या आधी शिकवतात. लालासाहेबाला तो पंधरा वर्षं शिव्या देत आला होता. आता पहार त्याच्याच हातात होती.

त्यानं भट्टी विझू दिली. लाकूड ओलं आहे असं सांगून दिवस काढले. तपासणी तोंडावर आली आणि दुसऱ्या कुणाला भट्टी लावायलाही वेळ उरला नाही, तेव्हा सयाजीरावांनी त्याला समोर उभं केलं. मळा पिवळा, वाटा पावसानं धुऊन काळ्या, चुन्याची डबी रिकामी. या तिन्हींत तिसऱ्याचा राग जास्त होता.

"खरं बोल आकाराम. लाकूड ओलं हाय का तुझं डोस्कं?"

"साहेब, त्यो खडक न्हाई, बेटाचा बांध हाय. आपुन बांध कोरतोय."

"कुणाचा बांध? सातबारा दाव."

"सातबारा न्हाई साहेब. पर पाणी आत आलंय, तुमी बगा चला."

सयाजीराव बघायला गेले. पाणी बघितलं, पाखरं बघितली, तंबाखूची रिकामी डबी उघडून तीही बघितली. मग म्हणाले, "तुमी कृष्णाकाठची माणसं, बांधासाठी डोकी फोडणारी. आता समुद्राच्या बांधाला पण केस लढा. फीत गेली तुझी, एवढं ध्यानात ठेव गड्या."

"ठेवलंय साहेब."

हवालदारकी तिथंच गेली. पुढचं सयाजीरावांनी स्वतःच्या डोक्यानं केलं. वाटा पांढऱ्या तर हव्यातच. म्हणून त्यांनी कोठारातला मैदा कालवून खळ केली आणि संध्याकाळी सगळ्या दगडांना फासली. लांबून सुंदर दिसत होतं. सकाळी बडे साहेब जीपमधून उतरले, तेव्हा दगड चालत होते. बेटावरचे झाडून सगळे खेकडे आले होते. एकेका दगडावर चार-चार, शांतपणे खळ खात. साहेबांनी सलामी घेतली, पुढं पाहिलं, खाली पाहिलं, आणि बूट जपत, उड्या मारत झेंड्यापर्यंत गेले. एक खेकडा सयाजीरावांच्या बुटाची नाडी धरून शेवटपर्यंत संचलनात होता.

शेरे काय पडले असतील ते सांगायला नको. पण मैद्याचं प्रकरण इतकं गाजलं की पुन्हा कुणी चुन्याचं नाव काढलं नाही, आणि मोठा उकिरडा तुकडी हलेपर्यंत उभा राहिला. निघताना त्याच्यातून एक पिल्लू उडालेलं आकारामनं पाहिलं. त्यानं त्याला सलाम ठोकला असं गावात सांगतात. खोटं आहे. त्याच्या दोन्ही हातांत ट्रंक होती.

शहात्तर साली तो नाईक म्हणूनच घरी आला. रंगूबाईनं आधी त्याच्या दंडाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. तिनं जेवायला वाढलं. मग म्हणाली, "आवं, कोंबडीसाटी?" आकाराम हो म्हणाला. तिनं आणखी एक भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशी नळावर रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली. आकाराम बांध बघायला गेला तेव्हा लालासाहेब पलीकडून हसत आला. त्यानं विचारलं, समुद्राचा बांध राखला म्हणे, घरचा कोण राखणार? आकाराम खाली बसला. त्यानं नांगराच्या नव्या तासाची माती मुठीत घेतली, आणि परत जागच्या जागी ठेवली.

त्याला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच गोष्टीनं. आता बेटावर दुसरी तुकडी असणार. त्यातही कुणी ऊसवाला असणार, त्यालाही मिरची लावायची असणार. अठ्ठ्याहत्तर साली गावचा जोतिबा सुट्टीवर आला. त्याची बदली नेमकी त्याच बेटावर झाली होती. आकाराम धावत शरयूबाईंकडे गेला. दोघांनी ठरवलं, पत्र्याचा बोर्ड करायचा आणि जोतिबाबरोबर पाठवायचा. बाईंनी सांगलीहून तो रंगवून आणला. हिंदीत, ठळक अक्षरांत: हा ढीग उकरू नये, आत पिल्लं आहेत. खडक फोडू नये, हा बांध आहे. पेंटरनं विचारलं, कुठल्या गावचा उकिरडा? बाई म्हणाल्या, तुला काय करायचंय, तू रंगव.

बोर्ड झाडाला बांधायची तार आकारामनं आणायची होती. चांगली, न गंजणारी. ती शोधत तो तासगावपर्यंत गेला. परतला तेव्हा जोतिबाला पलटणीची तार आली होती आणि तो निघून गेला होता. पलटण ऐनवेळी बर्फात पाठवली होती, निकोबारला नाहीच. बोर्ड बाईंकडे राहिला. त्यानंतर त्या बाजूला जाणारा कुणी आष्ट्यात सापडला नाही.

रंगूबाई म्हणते, बोर्ड आणा आणि आपल्याच बांधावर लावा, लालासाहेबाला वाचू दे. आकाराम मान हलवतो. तो तिकडचा आहे म्हणतो.

तार त्याच्या सायकलच्या कॅरिअरला गुंडाळलेली आहे. बोर्डाला चारी कोपऱ्यांत भोकं पाडून ठेवलेली आहेत. बाजाराच्या दिवशी दोन्ही एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात, एक बाईंच्या दाराबाहेर, एक पिंपावर.