पिंपळपानाची जाळी

पिंप्राळ्यातल्या बुद्धविहाराची पूर्वेची भिंत मोतीलाल गवंड्यानं ऐन तिशीत बांधली. नकाशा नव्हता. त्यानं ओल्या वाळूत बोटानं पिंपळपान काढलं आणि त्याच आकारात भिंतीतल्या विटा एकाआड एक सोडल्या. सकाळी ऊन त्या जाळीतून आत शिरे. आधी मूर्तीच्या चेहऱ्यावर पान उमटे, मग हळूहळू मांडीवर उतरे. तसं काम पुन्हा त्याच्या हातून झालं नाही. पुढचं सगळं आयुष्य सपाट भिंतींत गेलं, शेवटची तीन वर्षं तर रावेरला केळीच्या शेडा बांधण्यात.

यंदा उन्हाळ्यात तो घरी परतला, तर विहारात एसी बसणार होता.

"आबा, जाळी बुजवावी लागेल," कमिटीचा प्रशील म्हणाला. "गारवा सगळा बाहेर पळेल. तुमचंच काम, तुम्हीच बुजवा."

मोतीलाल जाळीकडं वळला. "कधी नीट पाहिली का रे तू ती?"

"लहानपणापासून पाहतोय. चिमण्या घाण करतात."

जमलेले लोक हसले.

"रविवारी सकाळी सातला या," मोतीलाल म्हणाला. "बठ्ठा उजेड, सगळाच्या सगळा, मूर्तीवर पडस. मंग सांगा."

शनिवारभर त्यानं शिडीवर चढून एकेक भोक ब्रशनं साफ केलं. रविवारी पंचवीस-तीस माणसं आली. वंदना झाली. सात वाजले, साडेसात झाले. मूर्तीवर ट्यूबलाइटचाच उजेड.

"आबा, ऊन कोठे शे?" मागून कोणी तरी टोमणा मारला.

तो धावत बाहेर गेला. तो रावेरला असताना पूर्वेला, जाळीसमोरच चार मजली इमारत उभी राहिली होती. तो आल्यापासून भिंतच पाहत होता, भिंतीपलीकडं त्यानं मान वर केलीच नव्हती.

"मूर्ती सरकवू," तो आत येऊन म्हणाला. "वरून छताचा पत्रा कापू. काही तरी करू रे!"

चपला शोधत लोक पांगले.

शेवटी जाळी बुजवायला त्यानं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मुलगी संघमित्रा विटा देत होती.

"आबा, सिमेंट कुठंय? हा तर चिखल."

"बाहेरून लावीन सिमेंट. आत चिखलच राहू दे. कधी कोणाला या विटा काढाव्याशा वाटल्या, तर वीट फुटायला नको."

"कोण काढणार, आबा?"

त्यानं पुढच्या विटेसाठी हात पुढं केला. शेवटचं भोक उरलं तेव्हा त्यानं त्याला डोळा लावला. समोर नुसती इमारतीची करडी भिंत. संघमित्रा वीट धरून उभी होती, आणि त्याचा डोळा काही केल्या निघत नव्हता.