आमचा एकवीस दिवसांचा गोतावळा

किस्से जमायचे ते स्टाफरूममध्ये, भिशीत, नाहीतर लग्नाच्या मांडवात, अशी माझी समजूत होती. किमोच्या खोलीतसुद्धा ते ढिगानं जमतात असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण लातूरच्या एका दवाखान्यात, दर एकवीस दिवसांनी, मंगळवारी, त्याच पाच खुर्च्यांवर तीच माणसं चार-चार तास सलाईन लावून बसवली तर दुसरं होणार काय? मी लातूरजवळच्याच मुरुडची, शाळेत गणित शिकवते. बोलायची खोड जन्माची. छातीतली गाठ काढली तरी ती काही निघाली नाही. आता हे किस्से कुणाला सांगायला लागले की ऐकणारा आधी हसतो, मग तोंडावर हात ठेवतो. मीही तेच केलं होतं.

*

पहिल्याच दिवशी मी भांडण केलं.

पाचपैकी चार खुर्च्यांवर बायका, आणि पाचव्या खुर्चीवर एक मिशाळ गृहस्थ पाय लांब करून निवांत बसलेले! सगळ्या छातीच्या कॅन्सरच्या बायका, त्यात हा पुरुष! माझ्या अंगात मास्तरीण शिरली. म्हटलं, "नातेवाइकांनी बाहेर बसायचं. ही पेशंटची खुर्ची आहे, कळत नाही का?"

बिचारे उठले. पिशवी घेतली. दारापर्यंत गेले, तेवढ्यात सिस्टर ओरडली, "ओ नामदेवमामा, कुठं चाललात? सुई लावायचीय!"

"ह्या बाईंनी उठिवलं," मामा म्हणाले. मग माझ्याकडं वळून हळूच, "ताई, पेशंट मीच हाय. छातीचाच हाय."

पुरुषाला? छातीचा?

"मलाबी असाच झटका बसला होता," मामा म्हणाले. हे नांदेडचे, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. "आठ महिने स्टेअरिंगचा मार समजून बाम चोळत बसलो. डॉक्टरला म्हणलं, साहेब, रिपोर्ट बायकोचा असंल, नीट बघा. ते म्हणले, मामा, तुमची बायको दवाखान्याची पायरी चढली न्हाई आजून!"

मी सपशेल माफी मागितली. खुर्ची त्यांना परत मिळाली, मला मात्र दुसरी रिकामी होईपर्यंत तासभर स्टूल.

*

आता कौशल्या. निलंग्याकडच्या एका गावाची, वय अडतीस, घरचं शेत, दोन लेकरं. सोबत सासू. तिला ती आत्याबाई म्हणायची, म्हणून आम्हीही आत्याबाईच म्हणायला लागलो. म्हातारी खुर्ची दिली तरी बसायची नाही. फरशीवर, भिंतीला टेकून, ओठ मिटून. अशी करडी बाई मी तरी पाहिली नाही.

सगळ्यांना आठ डोस होते, आधी चार लाल औषधाचे, मग चार पांढऱ्या औषधाचे. कौशल्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगून मोकळी! "चार घेते. आठ माझ्याच्यानं हुणार न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "अर्धवट सोडलं तर आजार उलटायची भीती वाढते." तिनं पुन्हा चार बोटं दाखवली. आम्हा सगळ्यांना तेव्हापासून तीच धास्ती. दर डोसाला पहिला प्रश्न हाच, कौशल्या आली का?

तर लाल औषधानं एक-दोन दिवस लघवी लाल होते. सिस्टरनं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. कौशल्या विसरली! घरी गेल्यावर न्हाणीतूनच बोंबलली, "रगत!"

आत्याबाई धावल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "बाहेरची झालीस. बस बाजूला. चुलीपाशी यिऊ नको."

कौशल्याला तेवढ्यात सिस्टरचं बोलणं आठवलं होतं. पण तिनं तोंड उघडलं नाही. चार दिवस बाजूला! उलट्या होत होत्या, उठवत नव्हतं, आणि भाकरी थापायची नाही, पाणी शेंदायचं नाही, ताट जागेवर!

पुढच्या डोसानंतर पुन्हा तेच. तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला आत्याबाई बोटं मोजत म्हणाल्या, "बरोब्बर इकविसाव्या दिवशी. सुई टोचली की लगीच. काय गं हे?"

कौशल्या पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "आवशिदाचा गुण आसंल, आत्याबाई!"

*

दुसऱ्या डोसानंतर सगळ्यांचे केस गेले. मामांना केसांचं काहीच नव्हतं. पण मिशी! पस्तीस वर्षांची मिशी टॉवेलला निघून यायला लागली. अर्धी गेली, अर्धी राहिली, तेव्हा मामांनी न्हाव्याकडं जाऊन उरलेलीही काढून टाकली. घरी आले, कडी वाजवली.

मामींनी दार वीतभर उघडलं, बघितलं आणि म्हणाल्या, "मालक घरी न्हाईत. सांजच्याला या."

आणि दार लावून घेतलं!

*

माझा किस्सा याहून वाईट.

मी घरात रुमाल बांधून असायचे. एके दिवशी उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून रुमाल काढला आणि ओट्यावर येऊन बसले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आणि नेमक्या शेजारच्या सरूकाकू आल्या. माझ्या गुळगुळीत डोक्याकडं बघून थांबल्या. आता ही रडणार, मग गल्ली रडणार, असं मला वाटलं. माझ्या आजाराचं आम्ही तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

सरूकाकूंनी दोन्ही हात जोडले. "बालाजीला जाऊन आलात व्हय बाई! केस दिले! बोलला न्हाईत ते!"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "हो."

"मग लाडू कुठंय?"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सहा बायका लाडवाच्या प्रसादाला हजर. यांना बसस्टँडजवळच्या दुकानातून दोन किलो लाडू आणावे लागले. हे मराठीचे शिक्षक, आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवताना कपाळावरून घाम निथळत होता.

शेवटी मला राहवलं नाही. सांगून टाकलं सगळ्यांना. कॅन्सर आहे, औषधानं केस गेलेत, बालाजी नाही नि काही नाही. सहा हातांत सहा अर्धे लाडू.

सरूकाकूंनी उरलेला अर्धा तोंडात टाकला. डोळे पुसत म्हणाल्या, "देवाचा नसला म्हणून काय टाकून द्यायचा?"

*

सांगून टाकल्याची शिक्षा लगेच मिळाली. आपल्याकडं आजारी माणसाला 'बघायला' जायचं असतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, गर्दी नको, सर्दी-खोकल्याचं माणूस तर उंबऱ्याच्या आत नको. यांनी दारावर सुवाच्य अक्षरात पाटी लावली, 'भेटण्यास सक्त मनाई.'

नांदेडहून माझी नणंद नऊ माणसं घेऊन जीपनं आली! पाटी मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "हे बाहेरच्यांसाठी हाय." दहाच्या दहा जण माझ्या पलंगाभोवती. त्यातल्या चौघांना मी ओळखतही नव्हते. एकीनं माझ्या पायाशी बसून मोठ्यानं सूर लावला, मी जिवंत असून!

तेवढ्यात कुणीतरी खोकलं. मी ताडकन उठून बसले. "कुणाला खोकला आहे?"

"मला हाय वहिनी," नणंद म्हणाली. "चार दिवस झाले. पर तुम्ही काळजी करू नका, मी मास्क लावून बसले."

"मास्क आणलास, बरं केलंस."

"आणला कुठं? तुमचाच खुंटीला होता, तो घेतला. जाताना परत लावून जाते की!"

चौथ्या दिवशी मला एकशे एक ताप. रातोरात लातूर, दोन दिवस ॲडमिट. गंमत म्हणून सांगते आहे, पण त्या दोन दिवसांत मी खरंच घाबरले होते. नणंद मात्र पुन्हा आली. दवाखान्यात बघायला!

*

तोंड येणं हा आमचा सामायिक छळ. आतून सगळं सोललेलं, चव गेलेली, पाणीसुद्धा लोखंडाचं लागायचं. डॉक्टर म्हणाले, ताक-भात खा, मऊ खा, तिखट बंद.

मामा तिसऱ्या दिवशी वैतागले आणि भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन बसले. पहिल्या घासालाच बोंबलत अंगणात धावले, म्हणे शेजारचे साप निघाला समजून काठ्या घेऊन आले.

"मग चव तरी आली का मामा?" मी विचारलं.

"चव न्हाई आली ताई. पर तोंड कुठंवर हाय ते सगळं कळलं!"

*

कौशल्या पाचव्या डोसाला आली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. चारच घेणार होती ना! सहाव्यालाही आली. आता दोनच राहिले, मी मनात म्हटलं, सुटलो.

पांढऱ्या औषधानं बोटांना मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात. माझ्या हातून खडू पडायचा, मामांना शर्टाचं बटण लागायचं नाही. त्यावर आम्ही हसायचो.

सातव्या डोसाला कौशल्या आली ती उजव्या हाताला फडकं बांधून. सिस्टरनं सोडलं. तीन बोटांची कातडी निघालेली.

"भाकर उलटून राहिले होते," ती म्हणाली. "हाताला काय कळलंच न्हाई. वास आला. मला वाटलं, कुणी कोंबडी भाजून राहिलं का, म्हणून मी दाराकडं बघितलं."

त्या दिवशी कुणीही हसलं नाही.

*

आता शेवटचं सांगते. हे मी आजवर फक्त यांना सांगितलं होतं.

त्याच दिवशी कौशल्या खुर्चीवर बसेना. "बास झालं," ती म्हणाली. "सांगायलाच आले. केस गेले, गेले. हात गेले तर मी खुरपू कशानं? लेकरांचं करू कशानं?"

डॉक्टर येऊन गेले. औषध थोडं कमी करू म्हणाले, बऱ्याच जणींची बोटं हळूहळू सुधारतात म्हणाले. ही मान खाली घालून उभी. मामा म्हणाले, "पोरी, डेपो दिसायला लागल्यावर गाडीतून उतरतंय का कुणी?" मी तर रागावलेच. दोन डोसांसाठी सहा डोसांचे हाल वाया घालवतेस, म्हणून वर्गातल्या पोरासारखी झापली. माझाच आवाज रडका झाला. ती पिशवी उचलून दाराकडं निघाली.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या.

म्हातारी भिंतीला धरून उठली. मामांना म्हणाली, "तुमी तिकडं तोंड करा." मामांनी सलाईनसकट भिंतीकडं तोंड केलं. मग आत्याबाईंनी कौशल्याचा चांगला हात धरला, आपल्या पदराखाली नेला आणि झंपरावरून डाव्या छातीवर दाबून धरला.

"लागतंय का काय?"

कौशल्या गोंधळली. "बोटाला कळंना, आत्याबाई."

म्हातारीनं तिचा हात उलटा केला आणि मनगट त्याच जागी दाबलं. मी कौशल्याच्या तोंडाकडं बघत होते. ते पांढरंफटक पडलं.

"गाठ! कवापासून?"

"तीन साल झाले."

तीन वर्षं! आणि सुनेसोबत सात मंगळवार या फरशीवर बसून!

"कुणाला दाखवायची लाज वाटली," आत्याबाई म्हणाल्या. "मग तुझं निघालं. म्हणलं, आधी तू वाचतीस का बघू. तू वाचलीस तर मी बी सुई घीन. तू सोडून चाललीस तर चल, मी बी येते घरी."

कौशल्यानं पिशवी खाली ठेवली. खुर्चीवर बसली आणि बाही वर केली.

"सिस्टर, आदी ह्यांचा केसपेपर काढा. मग माझी सुई."

"घाई न्हाई," आत्याबाई परत फरशीवर बसायला लागल्या. "तुझी आठ हुदेत आदी."

"गप बसा, आत्याबाई!" कौशल्या म्हणाली. "अन् खाली कामून बसून राहिलात? खुर्चीवर बसा."