मोहाखालचा धूर

मंगलीबाई मेली त्या दिवशी तिची पोरगी करिश्मा गावाबाहेर नाल्यावरच्या रपट्याजवळ येऊन बसली. तिले आत येऊ द्याचं का नाई, हे ठरवाचं काम गावानं वच्छलाबाईवर टाकलं. आमच्या घरची ती मोठी, बिरजूची बायको, चंदनची माय. यंदा पौषात तीही गेली, म्हनून हे सांगून ठेवाचं.

करिश्मा पोरवयातच दादालोकाइच्या, म्हंजे नक्षलवाल्याइच्या, मागं जंगलात गेल्ती. लय वर्सं बंदूक घेऊन फिरली, मंग सरेंडर झाली, गडचिरोलीले राहे. गावात पाय नव्हता ठेवला. आन बिरजूले मारलं होतं ते त्याच दादालोकाइनं.

कायच्यापायी मारलं? तं धुरापायी. मोह गळाच्या पहिले झाडाखालचा पाला जाळाव लागते, नाई तं फुलं येचाची कशी? इथलं लहान लेकरूही हे सांगन. बिरजूनं टेकडीवर आपल्या मोहाखाली पाला जाळला, आन नेमकी त्याच दिवशी पोलिसाइची पार्टी तिकून गेली. दादालोक म्हनले, यानं धूर करून इशारा देल्ला. घरून नेलं त्याले. सडकेवर भेटला तं छातीवर चिठ्ठी, पोलिसाइचा खबरी म्हनून.

रडाले पन कोनी आलं नाई. भेव होतं लोकाइले, जो जाईन तोही खबरी. पोलिसवाले येत ते इचारत, जंगलातले कोन कोन तुया घरी जेवून गेले सांग. वच्छलाबाई दोघाइच्या मधात दळली गेली. तेंदूपत्ता तोडे, मोह येचे, मूल गावच्या बजारात नेऊन इके. चंदनले पोरी पाहाले गेले की दोन दिवसानं निरोप ये, खबऱ्याच्या घरी नाई देत. लय झोंबे तिले हे. बिरजू तं गेला, पन त्याचं नावही असं चिखलात पडून राह्यलं.

तं त्या दिवशी मंगलीचा मुडदा अंगनात, आन मानसं बसून राह्यले. गुनवंतराव गावचा पाटील, तो म्हने, वच्छलाबाई, तुमचा मानूस गेला, तुमी म्हनान तसं. ती म्हनली, "इतके वर्स मले कोनी काही इचारलं नाई, आन आज मी मोठी झाली?" कोलू म्हातारा मधातच बोल्ला, लवकर ठरवा बाप्पा, नाई तं मंगली सोताच उठून चालाले लागन.

वच्छलाबाई उठली आन एकटीच रपट्यावर गेली.

करिश्मा उभी राह्यली. सुकून गेल्ती, केस पांढरे. वच्छलाबाईनं मनात ठेवलं होतं, बिरजूले मारनाऱ्याइतलं एक जरी भेटलं तं नरडं धरीन. पन समोर मायसाठी रडून डोळे सुजलेली बाई. तिनं सरळ इचारलं.

"तू होती तिथी?"

"होती, काकी."

"धूर कायचा हाये, तुले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं. त्याच झाडाखाली तुमच्यासंगं फुलं येचली मी."

"मंग बोलली काऊन नाई?"

करिश्मा मंग म्हनली, कमांडरनं सगळ्याइले इचारलं होतं, खबरी हाये ना हा म्हनून. "मी बोलली असती तं म्हनले असते, हे त्याच्याच गावची, हेही मिळून हाये. सगळ्याइनं मान हालवली. मीनंही हालवली."

वच्छलाबाईनं इचारलं, मुळात गेली कायले होती? तं ती सांगे, जंगलाच्या एका गार्डानं मोळीपायी बापाले तिच्यासमोर थापड मारली, आन बाप हात जोडून उभा. दुसऱ्याच दिवशी दादालोक आले, तिले जवळ बसवलं, नाव इचारलं, तुले काय वाटते म्हनून इचारलं. असं तिले जल्मात कोनी इचारलं नव्हतं. "मंग तिथी गेल्यावर," करिश्मा म्हनली, "कोनीच इचारे नाई."

वच्छलाबाई म्हनली, "हे गावासमोर बोलशीन?"

"अजून हायेत ते जंगलात, काकी. त्याइले कळन."

"कळन. बिरजूचं मले कळलं, तं मी नाई सोसलं का?"

करिश्मानं मायच्या घराकडं पाह्यलं, आन चालाले लागली.

गावासमोर सगळं बोल्ली ती, मान खाली घालून, धूर मोहाचा होता हेही. गुनवंतराव घाईनं म्हने, झालं, चला, उचला आता.

"थांबा गुनवंतभाऊ," वच्छलाबाई म्हनली. "इच्या डोक्यावर बंदूक होती. तुमच्या डोक्यावर काय होतं? तुमाले नव्हतं मालूम धूर कायचा ते?"

लोक भुईकडं पाहात. मंग कोलू म्हाताऱ्याचा आवाज आला, निस्ता पुटपुटला. "मालूम होतं बाई. त्याच दिवशी मीनंही जाळला होता पाला, खालच्या अंगानं. बिरजूचा धूर दिसला त्याइले, माया नाई दिसला. मी चूप बसलो."

वच्छलाबाई त्याच्याकडं पाहातच राह्यली. मंग बाजूले सरकली, अंगनात जाले वाट देल्ली. करिश्मा पाया पडाले वाकली तं तिनं पाय मागं घेतले. म्हनली, पहिले मायले पोचव.

माफ केलं का नाई, हे तिनं मरेपर्यंत कोनाले सांगतलं नाई. चंदननं घरी येऊन इचारलं तं म्हनली, भूक लागली, भात वाढ. दोन घास खाल्ले आन मंग बोल्ली, "तुया बापाले आता कोनी खबरी नाई म्हननार. म्हनलंच तं मले येऊन सांगजो."