चामराजपेटचं नाक

माझी नोकरी टिकली ती आमच्या घरमालक अण्णांमुळे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्या गमती सांगण्याच्या नादात तेवढंच राहून जाईल. साऱ्या बेंगळुरात इतकी कमी दारू पिऊन दारूवर इतकं बोलणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी दारूच्याच दुकानात कामाला आहे, म्हणजे तुलना करायला माणसं रोजच समोर असतात.

अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चामराजपेटेतलं. मराठी घरात बोलायची, उंबऱ्याबाहेर कन्नड, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' येतं आणि वाक्य 'ठीक'ऐवजी 'सरी' म्हणून संपतं. मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला, बायको आणि मुलगी गावी ठेवून आलेला. खोली मागायला गेलो तेव्हा सगळे कागद पिशवीत नीट लावून नेले होते. अण्णांनी ते पाहिलेच नाहीत. जवळ आले, लांब श्वास ओढला आणि म्हणाले, "सकाळी भाकरी करपली होती का रे?" चुलतभावाच्या खोलीवर खरंच करपली होती. मी घाबरून हो म्हटलं. "करपलेली खाल्लीस, टाकली नाहीस. सरी, खोली घे." तेव्हापासून घरी जाताना मी आधी स्वतःचा वास घेऊन पाहतो.

विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी नाक हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. तांदळाच्या दुकानात पोत्यात तोंड घालून उभे राहायचे, तेव्हा नवं गिऱ्हाईक त्यांना चक्कर आली समजून पाणी आणायचं. शर्ट उन्हात वाळला की सावलीत, हे ते मी जिना चढत असतानाच सांगायचे. पण हे सगळे किरकोळ सराव. खरी मैफल रविवारी संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी. त्यांचा पुतण्या परदेशातून येता-जाता एकेक बाटली आणायचा आणि त्या सगळ्या औषधांच्या कपाटात, काढ्यांच्या शेजारी नांदायच्या. चव घ्यायची तर सकाळपासून कांदा बंद, पंखा बंद, त्यांच्या बायकोची, म्हणजे अक्कांची, फोडणी तहकूब. एकदा शेजारच्यांनी नेमकी त्याच वेळी उदबत्ती लावली, तर अण्णांनी सगळी तयारी आवरून मैफल पुढच्या रविवारवर ढकलली. मापही अक्कांच्या हातात: खोकल्याच्या औषधाचं झाकण. तेवढं एक झाकण कॉफीच्या लोट्यात पडायचं आणि अण्णा ते तासभर पुरवायचे. त्यात पिणं शेवटच्या मिनिटाचं, बाकी सगळा वास. अण्णा देवासमोरचा पडदा ओढून घ्यायचे आणि अक्का म्हणायच्या, "अहो, देवाला तरी का दाखवत नाही, एवढ्यानं कोण बिघडतंय?"

शेरीच्या पिंपातली व्हिस्की म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. शेरी ही द्राक्षाची परदेशी दारू. ती ज्या लाकडी पिंपात मुरते, ते रिकामं करून त्यात व्हिस्की वर्षानुवर्षं निजवतात. हे मला पटेना, तेव्हा अण्णांनी लोणच्याच्या बरणीचा दाखला दिला. कितीही घासली, तरी पुढं तिच्यात साखर भरली की साखरेला लोणचं आठवतंच. तसं त्या व्हिस्कीला द्राक्ष आठवतं, म्हणून काळ्या मनुका, सुकं अंजीर, संत्र्याची साल, मागून जुन्या लाकडी कपाटाचा वास. गडद रंगाला भुलायचं नाही, रंग वरूनही घालता येतो, असं ते सारखं बजावायचे.

आणि मोल? छापील किंमत अण्णा बघायचेच नाहीत. बाटलीचं मोल ते नात्यात सांगायचे. सगळ्यांत खाली, "ही सोसायटीच्या सेक्रेटरीला दे." त्यावर मेहुणा. मेहुण्याच्या बाटलीत दम बेताचा, पण डबा जाड आणि सोनेरी, कारण मेहुणा उघडायच्या आधी दिवाणखान्यात मांडतो. त्याच्याही वर बीगरू. बीगरू म्हणजे इकडचे व्याही. त्यांच्यासमोर बाटली उघडावी लागते, त्यांच्याबरोबर बसून घ्यावी लागते आणि मुलगी त्यांच्या घरी असते, तेव्हा आत खोट चालत नाही. पुतण्यानं एकदा हौसेनं फार भारी बाटली आणली. अण्णांनी हुंगली, लोटा खाली ठेवला आणि तोंडावर सांगितलं, "मेहुणा." पुतण्या जेवायला थांबला नाही.

अशात आमच्या शिवाजीनगरच्या दुकानात महाग बाटल्यांचं वेगळं काउंटर निघालं. मालकांनी सांगितलं, आम्हा नोकरांपैकी प्रत्येकाला एकेक घोट देणार. गिऱ्हाइकाला बाटलीबद्दल जो नीट सांगू शकेल तो इथं, बाकीचे होसकोटेच्या गोदामात खोकी उचलायला. मला गोदामाची लाज नव्हती, पण पाठीचं दुखणं मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाठ गेली तर गावी काय पाठवणार? सोबतचा एक जण मोबाइलवरून इंग्रजी वाक्यं पाठ करत होता. मला ती ऐकूनच घाम फुटायचा.

अण्णांना कळलं. (घामाच्या वासावरून, असं ते सांगतात.) त्या रविवारी त्यांनी जपून ठेवलेली शेरीच्या पिंपातली बाटली माझ्यासाठी फोडली. अक्कांनी कधी नव्हे ते दुसरं झाकण भरलं. मी "छान आहे" म्हटलं की अण्णा लोटा काढून घेत. "छान काय? छान माझी सूनही आहे. काय आठवलं ते सांग." शेवटी मी भीत भीत म्हणालो की लग्नात बायकोच्या माहेरून आलेली पेटी आठवली, आत मनुका सांडलेली. अण्णांनी मान डोलावली आणि पंखा लावला. ते माझं पास होणं.

प्रत्यक्ष दिवशी मालकांनी ग्लास पुढे केला. पेटी आली, मनुका आली, घोट गेल्यावरही वास बराच वेळ बसून राहिला. पण तोंड उघडलं आणि मनात जुळवलेलं सगळं उडालं. बाहेर पडलं ते मोडक्या हिंदीत एवढंच: "सर, ये बीगरू के लिए है. मेहुणे को नहीं देना." मागं कुणीतरी हसलं. मी मनातल्या मनात होसकोटेच्या बसमध्ये बसलो.

मालक हसले नाहीत. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्यांनी तो ग्लास स्वतः उचलून हुंगला आणि विचारलं, मेहुण्याला का नको? मग मला धीर आला. मी सांगितलं, मेहुण्याला शेजारची सोनेरी डब्यातली द्या, तो खूश होईल; ही साध्या डब्यातली आहे, हिचं सगळं आत आहे, ही समोर बसून उघडायची. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण अण्णांची तोंडावर बोलायची सवय लागलेली. किंमत मात्र स्वल्प जास्त लावलीय, हेही बोलून गेलो.

"जास्तच आहे," मालक म्हणाले. "ते गिऱ्हाइकाला सांगू नको. उद्यापासून इथं उभा राहा." इंग्रजीवाल्यालाही ठेवलं. आता इंग्रजीतली गिऱ्हाइकं तो बघतो आणि कुणाला भेट द्यायला बाटली घेणारी माझ्याकडे येतात. मी आधी विचारतो, कुणासाठी?

गेल्या थंडीत अण्णांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. अजून आलेलं नाही. ते रविवारी बसतात, हुंगतात, आणि "आज स्वल्प बंद आहे" म्हणत लोटा माझ्याकडे सरकवतात. मग मी डोळे मिटून सांगत जातो, आधी काय आलं, मागून काय आलं. चुकलो की त्यांना कळतं. कसं, ते मला अजून उमगलेलं नाही.

त्यांच्या उपकारांची फेड कशी करायची, याची काळजी मला असते; काळजी करायला मला काहीही पुरतं. पण एक ठरवून ठेवलंय. माझी माणसं इकडं आणली, बस्तान बसलं, की आमच्याच काउंटरवरची सगळ्यांत चांगली बाटली मी अण्णांसाठी घेणार. तोवर नाक परत आलं तर उत्तमच. नाही आलं, तर त्यांच्याशेजारी बसून मी सांगेन, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि 'छान' हा शब्द एकदाही वापरणार नाही.